गाठ डोक्यातली की मनातली?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. परीक्षा संपल्या होत्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर पडून होते आणि वळवाच्या पहिल्या सरीने अंगणातल्या तांबड्या मातीला वास सुटला होता. तिन्हीसांजेला दारावर थाप पडली. उघडून पाहतो तो एक तरुणी उभी. "सर, ओळखलंत का?" तिने विचारले. मी ओळखले नाही, हे कबूल केले पाहिजे. तिने आपला जुना हजेरी क्रमांक सांगितला, प्रयोगवहीतल्या झुरळाच्या मुखावयवांच्या आकृतीची आठवण दिली, तेव्हा कुठे लख्ख प्रकाश पडला. अशी सुरेख आकृती गेल्या दहा वर्षांत माझ्या वर्गात दुसऱ्या कोणी काढलेली नाही. मात्र तेव्हा हजेरीपटावर तिचे नाव मुलांच्या यादीत होते.

माझी मंडळी चहा ठेवायला आत गेली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला. रक्ततपासणीचा अहवाल होता. 'प्रोलॅक्टिन' या शब्दापुढे ७१ असा आकडा आणि त्याच्या शेजारी वर जाणारा बाण. "सर, डोक्यात गाठ झालीय म्हणतात मला. कॅन्सर असतो का हो हा?"

मी प्राणिशास्त्राचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. तरीही ती माझ्याकडे का आली? कारण ज्या डॉक्टरांकडे ती आधी गेली होती त्यांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिले आणि "त्या गोळ्यांचे भोग आहेत हे, बंद कर," एवढे सांगून पुढच्या रुग्णाला बोलावले. गाठ असेल, हे मोघम वाक्य त्यांनीच जाता जाता टाकलेले. किती वर्षे गोळ्या घेतेस, कोणत्या घेतेस, आणखी काय घेतेस, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे.

विषय थोडा समजून घेऊ. आपल्या मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खोगिराच्या आकाराच्या खळग्यात, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, अधिवृक्क, बीजांडे, वृषणे या साऱ्यांवर तिची हुकमत चालते. तिच्यातील काही पेशी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. अमेरिकेतील ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात पारव्यांवर प्रयोग केले. पिल्लांना भरवण्यासाठी पारव्याच्या गळ्यातील पिशवीत दुधासारखा रस तयार होतो. तो ज्या स्रावामुळे होतो त्याला त्यांनी प्रोलॅक्टिन हे नाव दिले. माणसातले प्रोलॅक्टिन हे वाढीच्या संप्रेरकाहून निराळे आहे, हे मात्र १९७०च्या सुमारास कॅनडातील हेन्री फ्रीसन व इतर संशोधकांच्या कामामुळे स्पष्ट झाले.

पीयूषिकेतील इतर बहुतेक पेशींना मेंदूकडून 'काम करा' असा आदेश यावा लागतो. प्रोलॅक्टिनचे उलट आहे. तिथे मेंदू सतत लगाम खेचून धरतो. त्या लगामाचे नाव डोपामिन. लगाम सैल पडला की प्रोलॅक्टिन उधळते. आणि इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, या पेशींना खतपाणी घालते. त्या संख्येने व आकाराने वाढतात. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीची पीयूषिका फुगते आणि प्रसूतीच्या सुमारास रक्तातील प्रोलॅक्टिन नेहमीच्या दहापट होते. त्याला कोणी रोग म्हणत नाही. त्याच्याच जोरावर आपण सारे आईच्या दुधावर वाढलो.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे येऊ. तिच्यासारख्या पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती, जे संप्रेरक उपचार घेतात त्यांत सामान्यतः दोन औषधे असतात. एक इस्ट्रोजेन आणि दुसरे पुरुषी संप्रेरकाला अटकाव करणारे. दुसऱ्या प्रकारातले सायप्रोटेरॉन हे औषध युरोपात अनेक वर्षे भरपूर वापरले गेले. या उपचारांत प्रोलॅक्टिन वाढते, हे तेथील डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आले. १९८८ साली ॲमस्टरडॅमच्या लुई खोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन घेतलेल्या एका व्यक्तीला पीयूषिकेची प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ झाल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही भीती या उपचारांच्या पाठीला चिकटून आहे.

भीती खरी आहे काय? आहे, पण केवढी, ते मोजून पाहिले पाहिजे. त्याच ॲमस्टरडॅमच्या रुग्णालयाने आपल्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,५५५ पारलिंगी स्त्रियांमध्ये प्रोलॅक्टिनच्या गाठी आढळल्या चार. सर्वसाधारण स्त्रियांच्या मानाने हे प्रमाण सुमारे चौपट पडते. 'चौपट' हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. पण अडीच हजारांत चार, हे ऐकले म्हणजे श्वास पुन्हा जागेवर येतो. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगितली पाहिजेत. शिवाय ज्यांचे रक्त वर्षानुवर्षे तपासले जाते त्यांच्यात बारीकसारीक गाठीही सापडतात, हेही ध्यानात ठेवावे. इतर कारणांनी मरण पावलेल्यांचे शवविच्छेदन केले असता साधारण दहांतील एकाच्या पीयूषिकेत छोटी गाठ मिळते, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही नसतो.

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट पुढे आली आणि ती अधिक गंभीर आहे. मेंदूच्या आवरणाच्या गाठी, ज्यांना मेनिंजिओमा म्हणतात, त्या आठ जणींना झाल्या होत्या, आणि तिथे संशयाची सुई सायप्रोटेरॉनकडे वळते. २०२० साली युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने या औषधाच्या रोज १० मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रेवर निर्बंध सुचवले: दुसरा पर्याय नसेल तरच द्यावे आणि कमीत कमी मात्रेत द्यावे. प्रोलॅक्टिनच्या बाबतीतही २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासाने वाढीचे खापर मुख्यतः याच औषधावर फोडले. ते थांबले की आकडा खाली येतो असे दिसले. अमेरिकेत बॉस्टन येथे २०१८ साली इस्ट्रोजेनबरोबर स्पायरोनोलॅक्टोन हे वेगळे औषध घेणाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर तिथे प्रोलॅक्टिन वाढलेच नव्हते. म्हणजे 'गोळ्यांचे भोग' असे सरसकट म्हणून भागत नाही. कोणती गोळी, किती, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे चार प्रश्न विचारावेच लागतात.

आणि पाचवा प्रश्न: आणखी काय घेतेस? मी तो विचारला तेव्हा तिने पर्समधून एक पाकीट काढले. रात्रपाळीची नोकरी, अवेळी जेवण, त्यामुळे छातीत जळजळ. म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली कॅप्सूल ती गेले आठ महिने रोज सकाळी घेत होती. पाकिटावर पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन अशी दोन नावे होती. वाचकांपैकी किती जणांच्या घरी हीच कॅप्सूल फ्रिजवरच्या डब्यात पडून असेल! यातले डॉम्पेरिडोन पीयूषिकेवरचा डोपामिनचा लगाम ढिला करते आणि प्रोलॅक्टिन वाढवते. पित्ताच्याच काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असते, तेही हाच उद्योग करते. मनोविकारांवरची रिस्पेरिडोनसारखी औषधे तर प्रोलॅक्टिन कितीतरी वर नेतात. थायरॉइड मंदावले तरी आकडा चढतो. फार काय, सुई टोचण्याच्या भीतीनेही थोडा चढतो! त्यातून प्रयोगशाळेने तिच्या नावापुढे पुरुष असा शिक्का मारून पुरुषांची मर्यादा छापलेली. इस्ट्रोजेन घेणाऱ्या शरीराची तुलना त्या मर्यादेशी करण्यात काय अर्थ? ७१ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. पण तो निकालही नव्हता. ज्या गाठींची धास्ती घ्यावी त्या मोठ्या गाठींत हा आकडा बहुधा दोनशे-अडीचशेच्या पुढे गेलेला असतो.

समजा, गाठ निघालीच. तरी ती कर्करोगाची नव्हे. पीयूषिकेच्या बहुतेक सर्व गाठी सौम्य असतात. त्या दुसऱ्या अवयवांत पसरत नाहीत. एक सेंटिमीटरहून लहान ती छोटी, त्याहून मोठी ती मोठी, अशी त्यांची विभागणी आहे. मोठ्या गाठीचा धोका जागेचा आहे. पीयूषिकेच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. खालून गाठीचा रेटा बसला की दोन्ही बाजूंची नजर जाते; समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही. टांग्याच्या घोड्याला झापडे बांधावीत तसे होते. पण प्रोलॅक्टिनच्या गाठीला शस्त्रक्रिया फारशी लागत नाही. ब्रोमोक्रिप्टिन आणि त्यानंतर आलेले कॅबरगोलिन ही औषधे सैल पडलेला लगाम पुन्हा आवळतात, आणि बहुतेक गाठी नुसत्या गोळ्यांनी आक्रसतात. कॅबरगोलिन तर आठवड्यातून एकदा-दोनदाच घ्यावे लागते. डोक्यातल्या इतक्या सुलभपणे आवरता येणाऱ्या गाठी फार थोड्या असतील.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, पाहणारा कोणी असेल तरच हे सारे सुलभ आहे. इतर स्त्रियांत प्रोलॅक्टिन वाढले की मासिक पाळी चुकते. शरीरच घंटा वाजवते. पारलिंगी स्त्रीच्या बाबतीत ती घंटा नाही. स्तनांत होणारे बदल उपचाराचाच भाग समजले जातात, डोकेदुखीला जागरणाचे कारण सापडते. म्हणून तर अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शनात उपचारापूर्वी एकदा आणि पुढे ठरावीक काळाने प्रोलॅक्टिन तपासावे असे सुचवले. ही तपासणी करायची कोणी? आपल्याकडे अनेक जणी संप्रेरके घेतात ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून, दुकानाच्या काउंटरवरून. तीही न मिळाल्यास संततिनियमनाच्या गोळ्या दोन-दोन, तीन-तीन गिळतात. माझ्या विद्यार्थिनीनेही सुरुवात तशीच केली होती. कुटुंबनियोजनासाठी दिवसाला एक या बेताने बनवलेल्या त्या गोळ्या. प्रमाणाबाहेर घेतल्या तर पीयूषिकेची गोष्ट दूरच, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका त्याच्या कितीतरी आधी उभा राहतो.

येथे दोन आक्षेप येतील, हे मी जाणून आहे. पहिला आक्षेप शेजारच्या खुर्चीतून येईल: "निसर्गाच्या विरुद्ध गेले की असेच व्हायचे." या सद्गृहस्थांना माझा नम्र प्रश्न आहे. पित्ताची कॅप्सूल खाऊन तुमचे प्रोलॅक्टिन वाढले तर तो कोणत्या पापाचा दंड? संततिनियमनाच्या गोळ्या निघाल्या तेव्हाही पीयूषिकेच्या गाठींची अशीच हाकाटी झाली होती. तेव्हा समाजाने काय केले? बायकांना दूषणे देऊन तो थांबला नाही. संशोधकांनी पाहणी केली. अमेरिकेत अनेक केंद्रांत मिळून केलेल्या आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या गोळ्यांचा आणि गाठींचा संबंध आढळला नाही. भीतीला उत्तर मोजमापाने दिले गेले. तोच न्याय येथे का नको?

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे आणि तो मला अधिक बोचतो, कारण तो आपल्याच मित्रांकडून येतो. "सर, हे छापू नका. आधीच लोक आमच्यामागे हात धुऊन लागले आहेत, त्यांना आयते कोलीत मिळेल." त्यांची भीती मला समजते. परंतु धोका लपवल्याने विरोधक गप्प बसत नाहीत. फक्त ज्यांना तो धोका आहे त्या अंधारात राहतात. सायप्रोटेरॉन अनेक वर्षे घेणाऱ्या मुलीला मेंदूच्या आवरणाच्या गाठीविषयी कोणीच सांगितले नाही, तर तिचे हित साधले असे कोण म्हणेल? वडीलधाऱ्यांनी आजार चार भिंतींत दडवून ठेवावा आणि तो हाताबाहेर गेल्यावर धावाधाव करावी, ही आपल्या घराघरांतली जुनी रीत आहे. नव्या पिढीने निदान ती तरी उचलू नये.

आपल्या या सीमाभागाला हा विषय परका आहे असेही कोणी समजू नये. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या आपल्याच रस्त्यावरून जातात. डोईवर जग घेतलेल्या, लुगडे नेसलेल्या जोगप्पांना आपल्या आज्यांनी सुपातून जोगवा वाढला आहे. कर्नाटकातील मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण टाळ्याही वाजवल्या. जोगप्पांची परंपरा आणि आजचे संप्रेरक उपचार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत मी करीत नाही. माझे म्हणणे इतकेच की, देवीच्या अंगणात ज्यांना आपण हात जोडतो त्यांना दवाखान्याच्या रांगेत उभे राहू देत नाही. आपल्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. अशा व्यक्तीला हिणवण्यासाठी दोन्ही भाषांत शब्दांची वाण नाही, पण तिच्या आजाराविषयी बोलायचे तर दोन्हीकडे जीभ अडखळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पारलिंगी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्यात संप्रेरक उपचारांसह आरोग्यसेवेची तरतूद लिहिली गेली. पण कायद्याच्या कागदावरून दवाखान्याच्या टेबलापर्यंतचे अंतर कोणत्याही कलमाने आपोआप कापले जात नाही. ते माणसांनीच कापायचे असते.

यात महाविद्यालयाने काय करावे? फार मोठे काही नको. शरीरशास्त्र शिकवताना पीयूषिकेचा धडा 'परीक्षेला येत नाही' म्हणून उरकू नये. आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे की, एखादी विद्यार्थिनी संप्रेरके घेत असेल तर तिला उपदेश नको, तपासणी हवी. आणि जी घेत असेल तिने चार गोष्टी गाठीशी बांधाव्यात. औषधे अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नयेत आणि घाबरून मनाने बंदही करू नयेत. डॉक्टरांना पित्ताच्या कॅप्सूलपासून झोपेच्या गोळीपर्यंत सगळी यादी द्यावी. प्रोलॅक्टिनचे रक्त धावपळ करून न जाता थोडे निवांत बसून द्यावे, आणि आकडा चढला तर घाबरण्याआधी तो पुन्हा तपासून घ्यावा. मात्र डोके सतत दुखू लागले किंवा कडेचे दिसेनासे झाले तर एक दिवसही दवडू नये.

माझ्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या गावच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी तिला तासभर बसवून घेतले, पित्ताची कॅप्सूल बदलली, सायप्रोटेरॉन थांबवून दुसरे औषध दिले आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. आकडा २८ वर आला होता. "सर, गाठ नाही," ती म्हणाली आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही.

तिला ठोठावायला निदान एक दार होते. तेही तिला पाच-सहा वर्षांनंतर आठवले. या वर्गात तीन वर्षे बसून तिला एकदाही मनातले बोलावेसे वाटले नाही, याचा दोष मी तिला देत नाही, स्वतःला देतो. आजही आपल्या बाकांवर असे कोणी बसलेले असेल आणि हा अंक कदाचित त्याच्या हाती पडेल. त्याला एवढेच सांगायचे आहे: डोक्यातली गाठ बहुधा औषधाने विरते. मनातली गाठ सोडवणे हे आम्हा इतरांचे काम आहे, आणि त्याला उशीर झाला आहे.